चेहऱ्यांचं पथ्य

माझ्या डोक्यात ट्यूमर आहे हे सांगितलं गेलं तेव्हा मी डॉक्टरांच्या भुवया बघत होते. उजवी किंचित वर चढली होती. उजवी भुवई अशी चढली की माणूस काहीतरी राखून बोलतोय, हे अठ्ठावीस वर्षांच्या कामामुळे मला न सांगता कळतं. मी म्हटलं, जे आहे ते सगळं सांगा, अर्धवट काम मला आवडत नाही.

डॉ. रुबीना तांबोळींनी मग सगळं सांगितलं. ऑपरेशन होईल, किरणं होतील, गोळ्या होतील, तरीही हा प्रकार परत येणारा आहे. साधारण सव्वा वर्ष. शेजारी बसलेली माझी मुलगी मैथिली हे सगळं फोनमध्ये टिपून घेत होती आणि आमचे हे खिडकीबाहेर बघत होते. नुकतंच विसर्जन झालं होतं. मला पहिला विचार आला तो असा, की सव्वा वर्ष म्हणजे अजून एकच गणपती धड मिळणार.

पेणला आमचा गणपतींचा कारखाना आहे. हे, म्हणजे वामन कडू, शाडूच्या मूर्ती घडवतात, रंगाला चार बायका आहेत आणि शेवटची आखणी माझी. आखणी म्हणजे डोळे काढणं. ते मला सासूबाईंनी शिकवलं. दुसरा डोळा पहिल्याला विचारून काढायचा, असं त्या म्हणायच्या, आणि दोन डोळ्यांच्या मध्ये मी नुसती खोकले तरी पहिला पुसायला लावायच्या. पेणमधली जुनी घरं श्रावण लागताच आपापला पाट आमच्याकडे आणून ठेवतात. त्या पाटावरच त्यांचा गणपती बसतो. त्यातल्या एक्केचाळीस पाटांना डोळे माझ्याच हातचे लागतात, दुसऱ्या कुणाचे चालत नाहीत.

ऑपरेशन झालं. ट्यूमर काढला त्या पोकळीच्या कडेला डॉक्टरांनी केसाहून बारीक तारांची एक जाळी बसवली. जाळी कशाला, ते तांबोळी डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूतल्या पेशी विजेच्या अगदी बारीक झटक्यांनी एकमेकींशी बोलतात. हा ट्यूमर नुसता शेजारी बसून फुगत नाही, तो त्या पेशींच्या तारांना स्वतःची तार जोडून घेतो. मी म्हटलं, म्हणजे खांबावर आकडा टाकून वीज चोरतात तसं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, अगदी तसंच. जितकी वीज खेळेल तितकं याला खायला मिळतं. आकडे सगळे काढता येत नाहीत. पण ती लाइनच कमी चालवली तर चोर उपाशी राहतो, आणि लाइन किती चालते ते जाळी फोनवर सांगते.

आता माझ्या डोक्यातली ही लाइन कुठली, तर उजव्या कानामागे, मेंदूच्या तळाशी, माणसाला चेहरा ओळखून देणारी. झाड बघितलं, भांडं बघितलं, तर ती स्वस्थ असते. चेहरा दिसला की धावते. डॉक्टरांनी पडद्यावर एकेक चित्र दाखवून तपासलं. ह्यांच्या फोनमधल्या मूर्तीही दाखवल्या. डोळे नसलेला गणपती आला तेव्हा आलेखाची रेघ जमिनीवर आडवी होती. तोच गणपती डोळे काढल्यावर दाखवला तर रेघ उभीच राहिली. डॉक्टरांना याचं फार कौतुक वाटलं. त्यात कौतुक कसलं. डोळे होईपर्यंत माती, डोळे झाले की देव, हे सासूबाई जाळी न बसवता सांगायच्या. मी बघत होते ते वेगळंच. मध्येच पडदा अडकून मूर्तीचा अर्धाच चेहरा दिसला, एका डोळ्याचा, तेव्हा रेघ पुन्हा आडवी झाली होती. ते मी कोणाला न बोलता लक्षात ठेवलं.

साखरेचं पथ्य कळतं, मिठाचं कळतं. मला मिळालं ते चेहऱ्यांचं. त्यासाठी एक चष्मा आला. समोर चेहरा आला की तो त्यावर धुकं धरतो, बाकी सगळं स्वच्छ दिसतं. साडी दिसते, हात दिसतात, मानेवरचा तीळ दिसतो, आणि वर नुसता गुळगुळीत गोळा. हे नीट पाळलं तर सव्वा वर्षाचं अडीच होऊ शकतं, असं ज्यांनी पाळलं त्यांच्यावरून डॉक्टर म्हणाल्या. मैथिलीने अडीच हा शब्द ऐकला आणि माझ्या वतीने हो म्हणून टाकलं.

मी नाही म्हटलं नाही, हे कबूल करते. कोणाला जगायला नको असतं?

घरी आलो तर ह्यांनी भिंती रिकाम्या करून ठेवल्या होत्या. सासू-सासऱ्यांचे फोटो गेले, कॅलेंडरवरचे देव गेले, आरशावर माझीच जुनी साडी टाकली. मैथिली पुण्याची नोकरी घरून करायला लागली, म्हणजे लॅपटॉप एका हाताला आणि माझी जाळी दुसऱ्या. तिच्या फोनवर माझी रेघ चढली की तो टिटवीसारखा ओरडायचा. मी चष्म्याच्या कडेवरून रंगाच्या बायकांकडे जरा बघितलं की आतल्या खोलीतून आवाज यायचा, “आई, आत्ता कोणाकडे बघितलंस?” स्वप्नाला तर चष्मा नसतो. सकाळी चहा द्यायच्या आधी ती विचारायची, काल स्वप्नात कोण आलं होतं, साडेतीनला रेघ फार चढली होती. आईच्या स्वप्नांची हजेरी घेणारी मुलगी मी तरी दुसरी पाहिली नाही. एकदा मी चिडून सांगितलं की तुझा बाप आला होता, आणि तरुण होता. त्यानंतर दोन दिवस तिने विचारलं नाही.

भेटायला येणारे माझ्याकडे पाठ करून बसायला लागले. पाठमोऱ्या माणसाला दुखणं काय सांगणार? कोणी म्हणायचं, शालनताई, तुम्ही लढवय्या आहात. मी कोणाशी लढत नव्हते, मी खाटेवर बसून भिंत बघत होते. हॉस्पिटलच्या समुपदेशक बाई फोनवरून म्हणायच्या की आयुष्याला नवा अर्थ शोधा, फुलांची चित्रं काढून बघा. मी एक जास्वंद काढली. बरी आली. पण जास्वंद कोणाकडे बघत नाही.

आणि हळूहळू एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. घरातली माणसं माझ्याशी बोलत होती ती दुसरीकडे तोंड करून. धुक्यामागचं तोंड दिसत नाही, पण आवाज कुठून येतो ते कळतंच. ह्यांचा आवाज जमिनीकडून यायचा, मैथिलीचा फोनच्या दिशेने. जिला आपण दिसत नाही तिच्याकडे बघायचं कशाला, असं त्यांच्या मनात नसेलही, पण अंगात मुरलं होतं. डोळे न काढलेल्या मूर्तींमध्ये मी आयुष्य काढलं आहे, त्यांची मला कधी भीती वाटली नव्हती. त्या घरात मात्र वाटायला लागली.

असे दहा महिने गेले. तपासणीत ट्यूमर जागेवर होता, तसूभर हलला नव्हता. मैथिलीने पेढे आणले. मी पेढा खाल्ला आणि मला रडू आलं, ते आनंदाचं आहे असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं.

श्रावण लागला तसे पाट यायला लागले. यंदाच्या आखणीसाठी ह्यांनी यंत्राचा एक हात भाड्याने आणला होता. त्याला माझ्याच जुन्या मूर्तींचे फोटो दाखवून शिकवलं होतं, आणि तो दिवसाला साठ मूर्तींचे डोळे काढायचा. कसे काढतो, म्हणून मी विचारलं. सगळे म्हणाले, छान, अगदी तुमच्यासारखे. मला तर दोन डोळ्यांचा गणपतीसुद्धा धुक्यातच दिसायचा. मी म्हटलं, बाकीच्यांना लावा तो हात, पण एक्केचाळीस पाट सोडा. ह्यांनी मान हलवली असावी. खात्री कशी करणार?

तेव्हा मी ती अर्ध्या चेहऱ्याची युक्ती बाहेर काढली. दुपारी मैथिली मीटिंगमध्ये असायची. त्या वेळात मी कारखान्यात जाऊन मूर्तीच्या चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर फडकं बांधायची आणि उघड्या भागात एकच डोळा काढायची. चष्म्यालाही तो चेहरा वाटायचा नाही आणि माझ्या डोक्यालाही. आधी सगळ्यांचे डावे. मग फडकं काढायच्या आधी डाव्यावर दुसरं बांधून सगळ्यांचे उजवे. नऊ दिवसांत एक्केचाळीस मूर्ती झाल्या आणि फोन एकदाही ओरडला नाही. हात थरथरला नव्हता, पापणीची रेघ एका झटक्यात आली होती. मी मैथिलीला बोलावून सांगितलं की फडकी सोड आणि बघ तुझ्या आईने काय केलंय ते. चोराला उपाशी ठेवून मी स्वतः जेवले होते. दहा महिन्यांत मला पहिल्यांदा भूक लागली.

मैथिलीने फडकी सोडली. तिची पावलं एका मूर्तीपासून दुसरीपर्यंत गेली, मग ती म्हणाली, “छान आलेत, आई.” ह्यांना बोलावलं. तेही म्हणाले, छान आलेत. मी त्या संध्याकाळी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

तीन दिवसांनी म्हात्रे गुरुजी आले. चतुर्थीला आठ दिवस होते. त्र्याऐंशी वर्षांचे आहेत, पेणच्या शाळेत मला गणित शिकवायला होते, आणि त्यांचा पाट आमच्याकडे सासूबाईंच्या वेळेपासून येतो. गणपती नेण्याआधी एकदा येऊन त्याच्यासमोर बसायचं, ही त्यांची रीत आहे. मैथिली त्यांना दारातच म्हणत होती की आज नको, उद्या या, आई झोपली आहे. मी झोपले नव्हते. मी म्हटलं, येऊ दे त्यांना.

गुरुजी पाटासमोर बसले. मी बाजूला उभी होते, कौतुक ऐकायला. ते आधी डावीकडे सरकले, नंतर उजवीकडे, हे मला त्यांच्या धोतरावरून दिसलं.

“शालन,” ते म्हणाले, “हा माझ्याकडे बघत नाहीये.”

मी म्हटलं, उजेड कमी असेल.

“उजेड भरपूर आहे. पोरी, तुझ्या आजाराचं मला माहीत आहे, आणि मी उगाच गोड बोलून जाणार होतो. पण तुला मी कधी खोटे मार्क दिले नाहीत. याला दोन डोळे आहेत आणि नजर नाही.”

मी ह्यांच्या दिशेला वळले आणि विचारलं, खरं आहे का. मैथिलीच म्हणाली, की हो, आम्हाला फडकी सोडली तेव्हाच कळलं होतं, पण तू इतकी खूश होतीस. आणि काळजी करू नकोस, आज संध्याकाळी तो यंत्राचा हात सगळे पुसून परत काढणार आहे, तुला कळलंही नसतं.

कळलंही नसतं. हे ऐकून मला जो संताप आला तसा ट्यूमर कळला तेव्हाही आला नव्हता. आजारी माणूस म्हणजे काय कोणीही काहीही सांगावं असं लहान मूल असतं का? एक्केचाळीस घरांत माझ्या नावावर यंत्राचे डोळे गेले असते, आणि मी इथे दोन भाकऱ्या जास्त खात बसले असते. अडीच वर्षं जगवायची होती ती कोणाला, मला की त्या रेघेला?

मी चष्मा काढला आणि मूर्तीकडे बघितलं.

एकेक डोळा घेतला तर उत्तम होता. इतका चांगला मी कधी काढला नसेल. पण दोन्ही मिळून काही होत नव्हतं. डावा दाराकडे बघत होता, उजवा माझ्या खांद्यावरून पलीकडे. दुसऱ्याने पहिल्याला विचारलंच नव्हतं. विचारणार कसा, पहिल्याच्या तोंडावर मी फडकं बांधलं होतं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेली गोष्ट मी अठ्ठावीस वर्षांनी विसरले, आणि वर स्वतःला हुशार समजत होते.

तोवर फोन ओरडायला लागला होता. “आई, चष्मा,” मैथिली म्हणाली. मी तिच्याकडे वळले.

ती माझ्याकडे बघत नव्हती. फोनवरची रेघ बघत होती. गालफडं वर आली होती. कानाशेजारी पांढरे केस होते, एकतिसाव्या वर्षी. खालचा ओठ चावून चावून फाटला होता आणि डोळ्यांखाली बोटाने काजळ पुसावं तशी काळी वर्तुळं. मी दहा महिने या मुलीला घालून पाडून बोलले होते. तिचा आवाज तेवढा ऐकला होता, आणि आवाज कडक होता. तो कशावर उभा आहे ते मला दिसलंच नव्हतं.

मी मूर्तीची मान तपासताना धरते तशी तिची हनुवटी धरली आणि वर केली.

“तिथे माझं डोकं दिसतं,” मी म्हटलं. “मी इथे आहे. इकडे बघ.”

तिने बघितलं. मग तिचा चेहरा मोडला आणि ती लहान असताना रडायची तशी, आवाज न करता, नाक लाल करून रडली. फोन ओरडत होता. शेवटी गुरुजीच कंटाळून म्हणाले की त्या यंत्राला कोणी गप्प करेल का. ह्यांनी तो तिच्या हातातून घेतला आणि शाडूच्या पिंपात ठेवून वर झाकण लावलं. ह्यांच्या मिशा पूर्ण पांढऱ्या झाल्या होत्या, तेही मला त्याच वेळी कळलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांशी फोनवर भांडण झालं, म्हणजे मी भांडले आणि त्या शांतपणे ऐकत होत्या. मी विचारलं, रोज एक तास चष्मा काढला तर किती दिवस कमी होतील. त्या म्हणाल्या, सांगता येणार नाही, कदाचित महिने, कदाचित काहीच नाही, पण डॉक्टर म्हणून मी हो म्हणणार नाही. मी म्हटलं, तुमचं हो नको आहे, तुम्हाला कळवतेय. मैथिलीने माझ्याकडे बघितलं, या खेपेला फोनकडे नाही, आणि म्हणाली, “चार ते पाच. एक मिनिट जास्त नाही.” ती शेवटी माझीच मुलगी आहे.

सात दिवस रोज चारला मी चष्मा काढायची आणि सहा मूर्तींचे डोळे पुसून परत काढायची, एका श्वासात दोन्ही. मैथिली रंगाची वाटी धरून समोर उभी राहायची, कारण नजर कोणाला तरी द्यावी लागते, हवेत देता येत नाही. म्हणून यंदाच्या एक्केचाळीसही गणपतींनी माझ्या मुलीकडे बघून डोळे उघडले आहेत. शेवटच्या दिवशी काम लवकर संपलं. मी तिच्या हातात कुंचला दिला आणि एक जुनी टाकाऊ मूर्ती पुढे ठेवली. तिने काढले. तिरळे आले. मी म्हटलं पूस, परत काढ. ती म्हणाली, आई, आजारी असल्यासारखी जरा तरी वाग. मी म्हटलं, पूस.

म्हात्रे गुरुजी हरतालिकेच्या दिवशी आले, पाटासमोर बसले, डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. मग त्यांनी डोक्यावर रुमाल घातला आणि मूर्ती उचलायला नातवाला हाक मारली.

गणपती गेले तरी माझं चार ते पाच सुरूच राहिलं. दिवाळीनंतर तपासणी झाली. तिथे मी चष्मा काढूनच बसले. तांबोळी डॉक्टरांचा चेहरा मी चष्मा लागल्यापासून पहिल्यांदाच बघत होते. आठवत होतं त्याहून फार तरुण आहेत, आणि त्यांची उजवी भुवई चढलेली नव्हती. दोन्ही सरळ होत्या. त्यांनी पडद्यावर ट्यूमरची कड दाखवली. दोन मिलिमीटर पुढे सरकली होती. हे रोजच्या तासामुळे झालं की तसंही झालंच असतं, ते मला सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. मैथिलीने माझा हात घट्ट धरला. फोन तिच्या पर्समध्ये होता.

मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. वाटलं, आणि रागही आला, आणि तो अजून आहे. मग मी बोट पुढे करून पडद्यावरच्या त्या दोन मिलिमीटरांवर ठेवलं आणि डॉक्टरांना सांगितलं, की यात एक्केचाळीस गणपती आहेत, म्हात्रे गुरुजी आहेत, ह्यांच्या पांढऱ्या मिशा आहेत आणि ही माझी मुलगी आहे. त्या मानाने जागा कमीच लागली.

चार वाजायला दहा मिनिटं होती. मी चष्मा परत घातला आणि दहा मिनिटांनी काढला.